चालायला निघाल, तेव्हा धंदा दुकानातच ठेवा



"मॅडम, मन शांत ठेवायचंय, योगा-ध्यान करायचंय, पण वेळ कुठून आणू?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. कुणी ध्यानाचं ॲप घेतलेलं असतं, कुणी पहाटे पाचचा अलार्म लावलेला असतो. पंधरा दिवसांत दोन्ही बंद!

इगतपुरीला धम्मगिरीत १० दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. ते केंद्र उभं करणारे सत्यनारायण गोएंका स्वतः व्यापारी होते. शिबिराला फी नाही, दानावर चालतं. ज्याला जमेल त्याने जरूर जावं. पण ज्याने गेल्याच महिन्यात गाळा भाड्याने घेतलाय, तो १० दिवस शटर बंद ठेवून मौन कसं धरणार?

माझं मत स्पष्ट आहे. नवीन दुकानदाराची योगशाळा त्याच्या गल्लीतच आहे. शटर उघडण्याआधी रोज २० मिनिटं आपल्याच भागात चालायचं. अट एकच: चालताना धंदा शोधायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, तुम्हीच तर मार्केट सर्व्हे करा म्हणून सांगता!" सांगते ना. पण सर्व्हे वेगळा आणि हे चालणं वेगळं. सर्व्हेला आपण प्रश्न घेऊन जातो आणि बऱ्याचदा उत्तरही आधीच ठरवून जातो. ज्याला कॅफे काढायचाय, त्याला रस्त्यावर फक्त कॉलेजची मुलं दिसतात. त्यांच्या पाठीवरचा डबा दिसत नाही.

पतंजलींनी मनाच्या पाच वृत्ती सांगितल्यात. त्यातल्या दोन प्रत्येक उद्योजकाने पाठ कराव्यात. विपर्यय, म्हणजे आहे एक आणि समजलो भलतंच. आणि विकल्प, म्हणजे वस्तू नसतानाच नुसत्या शब्दांवर उभी केलेली कल्पना. "या रस्त्यावरून रोज हजार माणसं जातात, त्यातली दहा टक्के आली तरी शंभर गिऱ्हाईक!" हा चोख विकल्प आहे. त्या हजारातली बरीचशी बस पकडायला धावत असतात. संध्याकाळी परतताना ती समोरच्या फुटपाथवरून जातात. कागदावरचे शंभर गिऱ्हाईक खरे मानून घरातले दागिने गहाण पडतात, डिपॉझिट भरलं जातं, फर्निचर होतं. म्हणून जे आहे ते तसंच दिसणं, ही माझ्या मते चैनीची गोष्ट नाही. घरच्यांच्या पैशाचा प्रश्न आहे तो.

आणि एक बघा. अष्टांग योगात आसन तिसऱ्या नंबरवर येतं. त्याआधी यम आणि नियम, म्हणजे आपलं वागणं. वागणं बघायला मॅट लागत नाही, रस्ता लागतो.

माझं दुकान पुण्याच्या मध्यवस्तीत, मंडईपासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी दगडूशेठ गणपतीच्या बाजूला फुलवाल्या बसलेल्या असतात. दूर्वा, जास्वंद, झेंडूचे हार. त्यांचा माल उद्यापर्यंत टिकत नाही. सकाळी जो हार ज्या भावाला, तो संध्याकाळी त्या भावाला राहत नाही. बाई भाव उतरवते, माल संपवते, टोपली रिकामी करून घरी जाते. यमांमध्ये अपरिग्रह म्हणून जे सांगितलंय, म्हणजे धरून न बसणं, ते मी तिच्याकडे बघून जास्त नीट समजले.

आपल्याकडे मात्र माल सडत नाही, म्हणून आपण धरून बसतो. समजा ४०० रुपयांना घेतलेला कुर्ता दोन वर्षं रॅकवर पडून आहे. २५० ला काढला तर १५० चा तोटा दिसतो, म्हणून हात धजत नाही. पण तेच २५० रुपये चालत्या मालात घातले, प्रत्येक फेरीला २० टक्के सुटले आणि वर्षात चार फेऱ्या झाल्या, तर २०० रुपये सुटतात. रॅकवरच्या कुर्त्याला काय सुटतं? धूळ.

पुढे एखादं अमृततुल्य लागतं. पितळी पातेलं, आलं-वेलची कुटल्याचा आवाज, पहिल्या चहाला ठरलेली चार माणसं. पतंजली अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात म्हणतात: बराच काळ, खंड न पाडता आणि मनापासून आदराने. चहावाल्याकडे तिन्ही दिसतात. पाऊस असो, थंडी असो, त्याची वेळ हलत नाही. आणि आपण? सोमवारी नऊला, मंगळवारी साडेदहाला, बुधवारी लग्न होतं म्हणून बंद. मग स्टेटसला ऑफर टाकून विचारायचं, गिऱ्हाईक का येत नाही! गिऱ्हाईक एकदा येतं, बंद शटर बघतं आणि शेजारी जातं.

भाजीवाल्या मावशींच्या काट्याकडेही जरा थांबून बघा. वजन झाल्यावर वर चार मिरच्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या. आधी माप पुरतं, मग वरचं. सत्य आधी, प्रेम नंतर. आपण उलटं करतो. गोड बोलतो आणि मापात मारतो.

आता हे करायचं कसं? सोपं आहे.

१. रोज तोच रस्ता, तीच वेळ, २० मिनिटं. फोन सायलेंटवर, खिशात. फोटो नाही, रील नाही.

२. पहिली पाच मिनिटं फक्त पावलं आणि श्वास. पुढची पाच मिनिटं कान: कुठलं शटर वर गेलं, कुठे कुकरची शिट्टी झाली. उरलेला वेळ डोळे. डोळे मिटून चालू नका हं, आपल्याकडे फुटपाथवरूनही टू-व्हीलर येते!

३. मन हिशेबात शिरेल. ईएमआय आठवेल, शेजारच्या दुकानातली गर्दी आठवेल. आठवू दे. लक्षात आलं की परत पावलांवर यायचं. हे परत येणं हाच व्यायाम आहे.

४. दुकानात आल्यावर वहीत तीन ओळी. जे दिसलं तेवढंच, मत नाही. "सहा पन्नासला दूधवाल्याकडे पाच माणसं" हे दिसलेलं. "इथे दुधाला डिमांड आहे" हे मत. दोन्हींतला फरक कळायला लागला, की अर्धं काम झालं.

५. महिनाभराने वही वाचा. तेव्हा धंद्याचा प्रश्न विचारा, त्याआधी नाही.

चालल्याने हप्ता भरला जाणार नाही, हे मलाही माहितीये. वाईट लोकेशन चांगलं होणार नाही, उधारीही वसूल होणार नाही. पण घाबरलेलं मन जी घाई करतं, शेजाऱ्याने फ्रीज आणला म्हणून आपणही आणतो, त्याने रेट पाडला म्हणून आपणही पाडतो, तिथे दोन श्वासांची सवड मिळते. छोट्या भांडवलात एवढी सवडही खूप असते.

उद्या सकाळी निघा. दुकानाची किल्ली बरोबर असू द्या, दुकानाची काळजी कुलपाआड. आठ दिवसांनी तुमच्या गल्लीत काय दिसलं ते मला नक्की कळवा. फक्त दिसलेलं हं, मत नको!