भंगारात गेलेल्या आगबोटी

स्वित्झर्लंडमधील लुसर्न सरोवरावर पर्यटकांना फिरविणारी 'उरी' ही आगबोट १९०१ सालची असून ती आजही वाफेवर चालते. त्याच शहरातील वाहतूक संग्रहालयात १८४८ सालची 'रिगी' ही आगबोट जतन केलेली आहे. कोकणच्या आगबोटींच्या वाट्याला असे भाग्य आले नाही.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींनी हर्णे, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण व वेंगुर्ले ही बंदरे मुंबईशी जोडली. गिरणीकामगार, कारकून, शिक्षणासाठी निघालेली मुले यांची ये-जा याच मार्गाने होई. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे दगावली. पुढे रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव पोहोचली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा बोटींची ती वाहतूक इतिहासजमा झालेली होती.

जतनाला पैसा लागतो, हा आक्षेप खोटा नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली 'विक्रांत' ही युद्धनौका काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तरीही २०१४ मध्ये ती मोडीत निघाली आणि तिचे पोलाद वितळवून मोटारसायकलींत वापरले गेले. परंतु वितळलेले पोलाद काही सांगत नाही. सुकाणूचे चक्र, घंटा, नामफलक, यंत्राचा एखादा भाग मात्र पुष्कळ सांगतो. अखंड बोट सांभाळणे परवडत नसेल, तर निदान तिचे अवयव सांभाळणे अवघड नाही.

हा प्रश्न केवळ किनाऱ्याचा नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी येथील खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ केला. त्याच भिवंडी तालुक्यातील पडघ्याच्या विद्यार्थ्याला आज नाशिकचा महामार्ग दिसतो. खाडीचा वारसा त्याने पुस्तकातच वाचावयाचा काय?

गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाकडी लाँचाही कधीतरी मोडीत निघतीलच. प्रवासी बोट मोडण्यापूर्वी तिची घंटा, नामफलक व सुकाणू नोंदीसह जमा करण्याची अट सागरी मंडळाने घालावी आणि त्या वस्तू बंदरांवर व जिल्हा संग्रहालयांत ठेवाव्यात. यास फार मोठा निधी लागणार नाही. मात्र निर्णय लिलावाआधी व्हावयास हवा. लिलावानंतर उरते ते केवळ भंगाराचे वजन.