पाटी 'इंटरनॅशनल', मागणी मात्र साधी

वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे गाव. सोयाबीन-तुरीवर प्रपंच चालविणाऱ्या या भागातही मुलाच्या शाळेचा विचार निघाला की 'इंटरनॅशनल' हा शब्द कानी पडतो. यावर आपल्या गोटातून ठराविक उद्गार निघतो : पालकांना इंग्रजीचे खूळ लागले आहे. हे निदान सोपे आहे. पण बरोबर नाही.

जिनिव्हा येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शाळा मुख्यतः महानगरांत आहेत, आणि त्यांची फी शेतमजुराच्या स्वप्नातही मावणार नाही. तालुक्याच्या गावी ही पाटी झळकविणाऱ्या बहुतेक शाळांत अभ्यासक्रम आपल्याच राज्य मंडळाचा वा केंद्रीय मंडळाचा असतो. पालक हे जाणत नाहीत असे नव्हे. ते पाटीपेक्षा वर्गात डोकावतात. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक आहे काय, तो रोज येतो काय, मुलगी सुखरूप घरी परतेल काय, आणि चारचौघांत तिला मान खाली घालावी लागणार नाही ना, हे त्यांचे प्रश्न आहेत. यांत खुळेपणा कोठे आहे?

उलट, कायद्याचे गणित पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस शिक्षक दोनच. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक! त्यांच्याच माथी निवडणूक आणि जनगणनाही. राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. पण ते शिकवायला उसंत कोणाला? त्यावर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 'समूह शाळां'त विलीन करण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. शाळा आधी दुबळी करायची, मग ती दुबळी म्हणून मोडायची, असा हा न्याय आहे.

सरकारी शाळेविषयी पालकांचा दुरावा जन्मजात नाही, याचा पुरावा शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीने दिला. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत प्रवेशासाठी पालकांची रीघ लागली. २०१८ मध्ये राज्याने स्वतःचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले, प्रारंभी तेरा शाळा निवडल्या. २०२० मध्ये ते मंडळ गुंडाळलेही. मंडळ गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. हजारो शाळांतून मूठभर वेचून काढणे हीही विषमताच होती. दुःख याचे की, जे तेरांना देऊ केले ते सर्वांना देण्याची भाषा कोणीच केली नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी मांडली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेचा पुरस्कार केला : धनिकाचे आणि मजुराचे मूल एकाच बाकावर. हा वारसा आपण सांगतो. परंतु आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात? ज्यांनी स्वतः ती शाळा सोडली, त्यांनी जऊळक्याच्या शेतकऱ्याला मातृभाषेचा उपदेश करू नये.

उपदेश थांबवून लढा हाती घेतला पाहिजे. प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक, अशैक्षणिक कामांतून त्याची मुक्तता, आणि लहान गावची शाळा न मोडण्याची हमी, या तीन मागण्या प्रत्येक ग्रामसभेत ठरावरूपाने मांडल्या जाव्यात. पालक कर्ज काढून जे विकत घेत आहेत, ते त्यांच्या हक्काचे आहे.