फराळाआधीचे कारीट

सणासुदीला घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणत असतो, ही ताकीद मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. ज्या घरांत ती दिली जाते त्याच घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपल्यावर, फराळाच्या ताटाकडे वळण्यापूर्वी तुळशीपाशी कारीट पायाच्या अंगठ्याखाली चिरडले जाते आणि त्याचा कडू रस जिभेला लावला जातो. पाडव्याला कडुनिंबाचे तेच. गोडाधोडाच्या दिवशी कडूला मज्जाव असावा, असे परंपरेचे म्हणणे दिसत नाही. मज्जाव आहे तो बोलण्याला. कडू जिभेवर ठेवलेले चालते, जिभेवरून निघालेले चालत नाही.

युरोपातील नाताळाची रीत या बाबतीत निराळी पडली. डिसेंबरातील लांबलचक रात्री, बाहेर बर्फ आणि आत पेटलेली शेगडी, अशा वेळी भुताखेतांच्या, मरणाच्या आणि सूडाच्या गोष्टी सांगण्याचा इंग्रजांना षोक होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात नियतकालिके वाढली तेव्हा हा षोक त्यांच्या नाताळ विशेषांकांत उतरला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स यांच्यासारखा गाढा पंडित नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना जमवून स्वतः रचलेल्या भूतकथा वाचून दाखवी. हा प्रकार इतका बोकाळला की, जेरोम के. जेरोम याने १८९१ साली या भूतकथांचीच टर उडविणारे एक छोटे पुस्तक लिहिले. सणाच्या दिवशी अभद्र बोलावे, आणि मग त्या अभद्रालाही हसावे, असा हा व्यवहार होता.

या विशेषांकांचे मराठीशी नाते आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. अंक आला, रुजला आणि मूळ नमुन्यापेक्षा कितीतरी अधिक फोफावला. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली अशी वार्षिक वाङ्मयीन प्रथा इतरत्र क्वचितच आढळेल. भूतकथाही पुढे त्यात येऊन बसल्या. मात्र सणाकडेच वाकड्या नजरेने पाहणारे जे काळे हसू नाताळच्या साहित्यात आहे, ते या गलबतातून फारसे उतरले नाही. ते काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही या साहित्यातील सर्वांत गोड कथा मानली जाते. कंजूष स्क्रूजला एका रात्रीत उपरती होते आणि तो आपल्या कारकुनाच्या घरी भलामोठा टर्की पक्षी धाडतो, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात असते. पण त्या कथेच्या मध्यभागी एक दृश्य आहे. भविष्यात स्क्रूज मेलेला आहे. त्याची मोलकरीण, धोबीण आणि अंत्यविधीचे सामान पुरविणाऱ्याचा माणूस असे तिघे योगायोगाने एकाच भंगारवाल्याच्या दुकानी भेटतात. प्रत्येकाने प्रेतापाशी जे हाती लागले ते उचलून आणलेले आहे. एकीने तर पलंगाचे पडदे कड्यांसकट काढून आणले आहेत, तेही मृत मनुष्य तेथे पडलेला असताना, आणि प्रेताच्या अंगावरचा चांगला सदराही सोडलेला नाही. भाव ठरतो, तिघे खदखदून हसतात. वाचकही हसतो आणि आपण कशाला हसलो हे ध्यानात येऊन थबकतो. हा सदरा डिकन्सने उगाच काढलेला नाही. तुरुंग आहेत, दरिद्र्यांसाठी सक्तीच्या कामाची घरे आहेत, मग धर्मादाय कशाला, असे विचारणाऱ्या स्क्रूजच्या मागे १८३४ चा गरिबांविषयीचा इंग्रजी कायदा उभा होता. आणि बारा वर्षांच्या डिकन्सला बाप कर्जापायी तुरुंगात असताना बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या होत्या.

त्या पुस्तकाचे पुढे जे झाले तेही त्याच जातीचे आहे. १९ डिसेंबर १८४३ रोजी ते बाहेर पडले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती हातोहात खपल्या. परंतु सोनेरी बांधणी आणि रंगीत चित्रे यांवर डिकन्सने इतका खर्च केला होता की, हजार पौंडांची आशा धरलेल्या लेखकाच्या हाती पहिल्या आवृत्तीचे अवघे दोनशे तीस पौंड आले. जानेवारीत एका छापखान्याने त्याची चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला. चोरांनी दिवाळे जाहीर केले आणि दाव्याचा सुमारे सातशे पौंडांचा खर्च जिंकलेल्याच्या अंगावर पडला. औदार्याचा महिमा गाणाऱ्या पुस्तकाने आपल्या कर्त्याला घातलेला हा खड्डा स्क्रूजला मनापासून आवडला असता.

डिकन्सच्या कथेला उपरतीचा शेवट तरी आहे. चेकॉव्हने ती सवलतही ठेवली नाही. १८८६ च्या नाताळात पीटर्सबर्गच्या एका दैनिकात त्याची ‘वान्का’ ही कथा आली. त्या वेळी तो सव्वीस वर्षांचा होता आणि पोटासाठी वर्तमानपत्रांतून भराभर लिहीत होता. नऊ वर्षांचा वान्का मॉस्कोत एका चांभाराकडे उमेदवारीला आहे. मालक मंडळी नाताळच्या प्रार्थनेला गेली असताना तो खेड्यातील आजोबांना चोरून पत्र लिहितो. पाळणा झुलवता झुलवता डोळा लागला म्हणून खाल्लेला मार, मासा शेपटीकडून साफ करायला घेतला म्हणून मालकिणीने त्याच माशाचे तोंड आपल्या तोंडावर घासले ती हकीगत, पोटभर न मिळणारे अन्न, सारे तो लिहितो. पत्र पुरे झाल्यावर पत्ता घालण्याची वेळ येते, तेव्हा तो खेड्यातल्या आजोबांना एवढेच लिहितो, डोके खाजवतो आणि जास्त खुलासा म्हणून आजोबांचे नाव जोडतो. गावाचे नाव नाही, तिकीट नाही. पत्र पेटीत पडते आणि मुलगा सुखाने झोपी जातो.

अँडरसनची काड्या विकणारी मुलगी वर्षाच्या शेवटल्या रात्री गारठून मरते, ती कथा १८४५ ची. ती वाचून डोळ्यांना पाणी येते. या दोन कथांतील अंतर महत्त्वाचे आहे. डोळे पुसले की वाचक मोकळा होतो, आपण सहृदय आहोत याचे समाधान घेऊन ताटावर बसतो. चेकॉव्ह त्याला हसवितो. पत्त्याच्या त्या ओळीला हसू न येणे अशक्य, आणि हसल्यानंतर डोळे पुसण्याची सोय उरत नाही. रशियन भाषेत तो पत्ता आज वाक्प्रचार होऊन बसला आहे. कोठेही न पोहोचणाऱ्या पत्राला आणि अर्जाला तो लावतात. महाराष्ट्रातील कचेऱ्यांतून धूळ खात पडलेले अर्ज पाहता मराठीतही तो रुजायला हरकत नव्हती. ‘वान्का’ला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, १९८६ साली, भारतात बालकामगारांविषयीचा कायदा झाला आणि त्याने काही धोक्याच्या उद्योगांपुरतीच बंदी घातली. घरकाम, ढाबे आणि हॉटेले त्या यादीत येण्यास २००६ साल उजाडावे लागले. चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच उद्योगांत मनाई झाली ती २०१६ साली, आणि तीही शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात राबणाऱ्यांना वगळून.

विसाव्या शतकात हे हसू दिवाणखान्यात आणि मग स्वयंपाकघरात शिरले. ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडलेल्या ‘साकी’च्या एका कथेत नाताळच्या मध्यरात्री जनावरे बोलतात या समजुतीची परीक्षा पाहण्यासाठी घरची मंडळी आणि पाहुणे गोठ्यात जातात. घराला नकोसा झालेला आणि म्हणून ऱ्होडेशियाला पाठविण्यात येणार असलेला पुतण्या बाहेरून कडी घालतो आणि रस्त्यावरच्या वाटसरूंना बोलावून घरातली शँपेन पाजतो. गोठ्यातून आवाज येतात खरे. पण ते जनावरांचे नसतात.

ॲलन एकबोर्न या नाटककाराचे ‘ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर’ हे नाटक १९७२ साली स्कारबरो येथे प्रथम रंगभूमीवर आले. तीन जोडपी, तीन नाताळ आणि तीन स्वयंपाकघरे एवढाच त्याचा पसारा. मेजवानी सतत शेजारच्या खोलीत चालू असते. प्रेक्षकाला दिसते ते पडद्यामागचे. पहिल्या अंकात एका धडपड्या दुकानदाराची बायको पेयाची बाटली कमी पडली म्हणून पावसात धावते आणि आपला अवतार पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून स्वतःच्याच घराबाहेर भिजत उभी राहते. दुसऱ्या अंकात नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाने खचलेली ईव्हा आपला जीव देण्याच्या खटपटीत आहे. ती एक शब्द बोलत नाही. एकामागून एक पाहुणे स्वयंपाकघरात येतात आणि प्रत्येक जण तिला मदत करतो. ती भट्टीपाशी दिसते म्हणून एकीला वाटते, बिचारी सणाच्या दिवशी भट्टी घासत बसली आहे. ती स्वतः बाह्या सरसावून भट्टी लख्ख करून देते. दुसरा तुंबलेली मोरी दुरुस्त करतो, तिसरा दिवा बसविताना विजेचा धक्का खातो. सर्व जण सौजन्यमूर्ती आहेत. भट्टी, मोरी आणि दिवा सर्वांना दिसतो, बाई कोणालाच दिसत नाही. नाट्यगृह हसून लोटपोट होत असते आणि त्या हसण्यातच प्रेक्षकही त्या पाहुण्यांत जमा होतो. तिसऱ्या अंकात तोच हरकाम्या दुकानदार गबर झालेला आहे आणि पूर्वी ज्यांच्यापुढे तो वाकत होता त्या बँकवाल्याला व वास्तुतज्ज्ञाला तो नाताळचा खेळ म्हणून नाचायला लावतो. ते नाचतात, कारण आता त्यांना त्याची गरज आहे.

येथे वर्तमानपत्रांचीही एक चूक नोंदली पाहिजे. नाताळच्या दिवसांत आत्महत्या वाढतात, असे पाश्चात्त्य वृत्तपत्रे दरसाल छापतात आणि इकडची वृत्तपत्रे ते उचलतात. अमेरिकेतील नोंदींनुसार मात्र डिसेंबर हा त्या बाबतीत कमीत कमी प्रमाणाच्या महिन्यांपैकी आहे. प्रमाण चढते ते वसंतात आणि उन्हाळ्यात. ईव्हाकडे कोणाचे लक्ष नसणे, ही काही एका महिन्याची गोष्ट नव्हे. एकबोर्नने तिला नाताळात उभे केले ते एवढ्यासाठी की, त्या दिवशी घरात माणसे भरपूर असतात.

अर्थात काळे हसू म्हणून जे जे खपविले जाते ते सारेच या तोलाचे नाही. १९८४ साली अमेरिकेत दोन चित्रपट आले. एकात सांताक्लॉजच्या वेषातला इसम कुऱ्हाड घेऊन माणसे तोडत सुटतो. पालकांनी चित्रपटगृहांपुढे निदर्शने केली आणि वितरकांनी तो थोड्याच दिवसांत मागे घेतला. त्यात बंदी घालण्याजोगे काही होते की नाही हा वाद सोडला, तरी त्याच्या कुऱ्हाडीखाली सापडणाऱ्यांविषयी चित्रपटाला काडीची आस्था नव्हती, हे उघड आहे. दुसरा ‘ग्रेमलिन्स’. त्यात एक तरुणी आपल्याला नाताळ का आवडत नाही ते सांगते. लहानपणी नाताळच्या आदल्या दिवशी तिचे वडील घरी आलेच नाहीत. काही दिवसांनी शेगडी पेटवू लागले तो वास आला, अग्निशामक दलाचे लोक आले आणि धुराड्यात वडील सापडले. अंगावर सांताचा वेष, हातात भेटवस्तू. सांताक्लॉज नसतो हे मला अशा रीतीने कळले, असे ती म्हणते. हसावे की रडावे हे प्रेक्षकाला कळणार नाही, म्हणून हा प्रसंग काढा, असे निर्मितीसंस्थेचे म्हणणे होते. दिग्दर्शक जो डान्टे याने तो काढला नाही. निर्मितीसंस्थेचा आक्षेप अगदी अचूक होता आणि प्रसंग ठेवण्याचे तेच कारण होते.

मराठी दिवाळी अंकांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर काय दिसते? विनोदाला तेथे वाण नाही. १९५१ पासून निघणाऱ्या ‘आवाज’ने तर केवळ विनोदावर अंक चालवून दाखविला. चिंतामणराव जोशींपासून पु. ल. देशपांड्यांपर्यंतच्या विनोदकारांनी मध्यमवर्गाला स्वतःकडे पाहून हसायला शिकविले, हे ऋण मोठे आहे. तथापि खास दिवाळीवरचा जो विनोद वर्षानुवर्षे छापून येतो, त्याचे ठोकळे मोजके आहेत. बोनस आला की साड्यांची यादी घेऊन उभी राहणारी पत्नी, दिवाळसणाला आलेला अधाशी जावई, हप्ता थकलेला कारकून आणि दात पाडणाऱ्या चकल्या. या सर्वांत चकलीचा विनोद सर्वांत दीर्घायुषी आहे. भाजणी भाजण्यापासून ती चकली कढईतून निघेपर्यंत किती रात्री गेल्या, याची त्या विनोदाला दखल नसते. चकली कडक झाली, हे सर्वांना दिसते. स्कारबरोच्या रंगमंचावर भट्टी दिसत होती, तसेच हे. फरक इतकाच की, एकबोर्नने भट्टी पाहणाऱ्यांना हास्यास्पद ठरविले आणि इकडे हसे होते ते कढईपाशी बसलेलीचे.

सणाचा अपमान होईल, वाचक दुखावतील, जाहिरातदार नाराज होतील, अशी भीती संपादकांना वाटते आणि अलीकडच्या दिवसांत ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. भावना दुखावून घेण्यास टपलेल्यांची संख्या काही कमी होत नाही. पण ज्या सणाच्या विधीतच पहिला घास कारिटाचा आहे, त्याला एका कडवट कथेने बाध येईल, ही कल्पना सणाविषयी फारशी आदराची नाही. फटाक्यांच्या दुकानात रात्री बारापर्यंत उभा असलेला पोऱ्या, वृद्धाश्रमात मुलांच्या दूरध्वनीची वाट पाहणारे आजोबा, अमेरिकेतील मुलाला फराळाचे पार्सल पाठविताना करंज्यांच्या किमतीहून टपालखर्च जास्त भरणारी आई, यांवर कथा लिहिल्या जातातच. त्या बहुधा गहिवरून लिहिल्या जातात, आणि गहिवर आला की अंक मिटवून ताटावर बसणे सोपे जाते.

ते ताट भरलेले असते. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी जेवणे उरकून बाहेरच्या खोलीत मंडळी लोडाला टेकतात, दिवाळी अंक हातोहात फिरू लागतात, कोणीतरी चकलीवरचा तो विनोद मोठ्याने वाचून दाखवितो आणि हास्याचा फवारा उडतो. आतून विचारणा होते, काय झाले म्हणून. काही नाही, असे तिला सांगण्यात येते. संध्याकाळी पूजेला माणसे येणार असतात, डबा अर्धा झालेला असतो, आणि ती दुसरा घाणा काढत असते.