बेसिन, बर्नोली आणि आजी

"इंजिनिअर होणार ना तू? मग बसव की बेसिन!"

दिवाळीच्या सुट्टीत बाबांचं हे वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं. बाथरूममधलं जुनं बेसिन बोल्टपाशी तडकलं होतं आणि प्लंबरकाका चार दिवस येणार नव्हते. म्हटलं, बर्नोलीचं समीकरण पाठ आहे, एका बेसिनचं काय घेऊन बसलात?

स्पिरिट लेव्हल लावून खुणा केल्या. भोकं पाडून गिट्ट्या ठोकल्या, बोल्ट आवळले. कड जमिनीपासून बरोबर ८० सेंमीवर. खाली वेस्ट कपलिंग आणि बॉटल ट्रॅप. (ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. साधीच, पण काय भारी कल्पना!) ऐटीत पाणी सोडलं आणि... अँगल कॉकपाशी टपटप सुरू! टेफ्लॉन टेप मी आट्यांवर उलटी गुंडाळली होती. कॉक पिळला तशी ती सुटत गेली.

शेवटी काका आले. "पाना दे," म्हणाले. आम्ही कॉन्व्हेंटवाले! 'स्पॅनर' म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं. गळती दोन मिनिटांत बंद. मग त्यांनी विचारलं, "आजी याला धरूनच उभ्या राहतात ना? बेसिन हात धुवायला असतं बाळा, भार घ्यायला नाही. शेजारी वेगळा दांडा लाव."

मी गप्पच झाले. माप, लेव्हल, आटे, सगळ्याचा विचार केला होता. आजीचाच केला नव्हता! जुनं बेसिन बोल्टपाशीच का तडकलं, हेही विचारलं नव्हतं.

दांडा मग मीच बसवला. काकांनी स्वतः लोंबकळून पाहिलं, तेव्हाच आजीला हाक मारली.

आपण काय करतो? फर्स्ट इयरला वर्कशॉपचा जॉब सिनिअरकडून आणायचा, जर्नल उतरवून काढायचं आणि पास व्हायचं! पण पेपरात चूक झाली तर दोन मार्क जातात, घरात चूक झाली तर आजी पडते.

म्हणून मित्रांनो, या सुट्टीत घरातलं एक तरी काम स्वतःच्या हातांनी करा. चुकलं तर जाणत्याला विचारा, त्यात कमीपणा नाही. फक्त पाना उचलण्याआधी एक प्रश्न स्वतःला नक्की विचारा: हे वापरणार कोण?