आकडेमोड करणारा कादंबरीकार

नेव्हिल शूट नॉर्वे हे व्यवसायाने विमान अभियंते. १८९९ साली ईलिंग येथे जन्मलेल्या या इंग्रज गृहस्थांची पहिली कादंबरी १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी पुस्तकावरून आपले आडनाव वगळले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाकडे कोणी गंभीर अभियंता म्हणून पाहणार नाही, ही भीती त्यामागे होती. निवृत्त झाल्यावर लिहू म्हणणाऱ्यांनी हे साल अवश्य ध्यानी घ्यावे. कंपनी सोडण्यास त्यांना अजून बारा वर्षे अवकाश होता.

त्या काळी ते 'आर १००' या हायड्रोजनवर तरंगणाऱ्या प्रचंड हवाई जहाजाच्या बांधणीत गुंतले होते. सांगाड्यावर पडणाऱ्या ताणांच्या आकडेमोडीचे प्रमुख तेच. दिवसा गणित आणि रात्री लेखन, असा क्रम. १९३० मध्ये हे जहाज कॅनडास जाऊन सुखरूप परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारी खात्याने बांधलेले 'आर १०१' कराचीस निघाले आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटले. ४८ माणसे गेली. त्यानंतर धडधाकट 'आर १००' देखील मोडीत निघाले.

१९३१ मध्ये नॉर्वे यांनी सहकाऱ्यांसह 'एअरस्पीड' ही विमान कंपनी उभारली. कंपनी वाढली, उत्पादन ठरावीक चाकोरीतून होऊ लागले आणि नवे उभारण्याची हौस असलेल्या या संचालकाचे मन तेथे रमेना. इतर संचालकांशी मतभेद होऊन १९३८ मध्ये ते बाहेर पडले. युद्धकाळात ब्रिटिश नौदलासाठी शस्त्रसंशोधन केले. १९५० मध्ये सहकुटुंब ऑस्ट्रेलियात जाऊन मेलबर्नजवळील लँगवॉरिन येथे शेत घेऊन ते स्थायिक झाले.

कारखाना सुटला, तरी आकड्यांमागे माणसांचे प्राण असतात ही जाणीव सुटली नाही. 'नो हायवे' ही त्यांची कादंबरी १९४८ ची. तिच्यातील एक विक्षिप्त संशोधक सांगतो की, ठरावीक तासांच्या उड्डाणानंतर धातू थकून विमानाचे शेपूट तुटेल. त्याचे कोणी ऐकत नाही. १९५४ मध्ये 'कॉमेट' जातीची दोन जेट विमाने आकाशातच फुटली, आणि तपासात कारण निघाले ते धातूच्या थकव्याचेच. याला भविष्यवाणी म्हणणे योग्य नव्हे; ते जाणकाराचे साधार भय होते.

लँगवॉरिनच्या वास्तव्यात लिहिलेली 'ऑन द बीच' १९५७ मध्ये आली. युद्धात शस्त्रे घडविण्याच्या कामी राबलेल्या या माणसाने तिच्यात एकही लढाई रंगविलेली नाही. उत्तर गोलार्ध अणुयुद्धाने निर्मनुष्य झाला आहे, विषारी धूळ वाऱ्यासवे दक्षिणेकडे सरकत आहे आणि मेलबर्नची माणसे उरलेले महिने मोजीत आहेत. त्यांतील एक तरुण आई, जणू काही घडणारच नाही अशा रीतीने, पुढल्या वर्षी बागेत कोणती फुलझाडे लावावीत याचे बेत करीत असते.