घाटाखालचे ज्ञान घाटमाथ्यावर केव्हा पोहोचणार?

वैद्यकशास्त्रातील नवे संशोधन म्हटले की आपल्या शहरी वाचकांच्या डोळ्यांपुढे लखलखीत प्रयोगशाळा आणि कोट्यवधी रुपयांची यंत्रे उभी राहतात. रक्ताच्या थेंबावरून पुढे जडणाऱ्या व्याधीचे भाकीत करता यावे, शस्त्रक्रियेवाचून अर्बुदाचा ठाव घेता यावा, या दिशेने जगभर चाललेल्या प्रयत्नांचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु ज्या संशोधनाने शेतकऱ्यांचे व त्यांच्या मुलाबाळांचे हजारो प्राण वाचू शकतात, ज्याला मुख्यतः एक काचेची नळी, एक स्वस्त गोळी आणि औषधाच्या काही कुप्या एवढीच सामग्री लागते, आणि ज्याचा एक महत्त्वाचा भाग भोर तालुक्याच्या सीमेपलीकडे लगेच सिद्ध झालेला आहे, त्याची वार्ता आपल्या दिवाणखान्यांत क्वचितच निघते. सर्पदंश आणि विंचूदंश यांवरील संशोधनाविषयी आम्ही बोलत आहोत.

सर्पदंशाने देशात किती माणसे मरतात याचा नीटसा अंदाजही आपल्याला फार उशिरा आला. सरकारी दप्तरांतील आकडा लहान दिसे, कारण मरणाऱ्यांपैकी बहुतेक माणसे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नसत. घरोघर जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या एका व्यापक पाहणीच्या आधारे २०२० साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने दगावल्याचा निष्कर्ष काढला. वर्षाकाठी सरासरी ५८ हजार! त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये जाहीर केले. भारत सरकारनेही मार्च २०२४ मध्ये तेच उद्दिष्ट समोर ठेवून राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाच्या प्रत्येक घटनेची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळविले. संकल्प उत्तम आहे. मात्र संकल्पाची परीक्षा राजधानीत होत नसते. ती भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखात होत असते.

हा मुलूख कसा आहे, हे पुणेकरांना सांगावयास नको. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही नावे आपल्या तोंडी असतात. ज्या वेल्हे तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे, त्या तालुक्यातील पानशेत आणि वरसगावच्या धरणांतील पाणी आपल्या घरच्या नळांना येते. परंतु मृग लागला आणि खाचरांत भातलावणी सुरू झाली की हिरडस मावळात नि गुंजण मावळात गुडघाभर चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना कोणता धोका असतो, याचा विचार आपण करीत नाही. दगडी ताली, गवताच्या गंजी, गोवऱ्यांचे नि लाकडांचे ढीग, कौलारू घरे आणि जमिनीवर अंथरलेली अंथरुणे हे सारेच साप-विंचवांच्या वसतीला सोयीचे. त्यातच पावसाळा हाच रस्ते बिघडण्याचा काळ. मढे घाटाच्या तोंडाशी वसलेल्या केळदसारख्या गावातून पुणे गाठायचे तर वेल्हे ओलांडून नसरापुरापर्यंत यावे लागते. तेव्हा कोठे महामार्ग लागतो. भोरच्या पश्चिम टोकाचा वरंधा घाट तर अलीकडच्या पावसाळ्यांत वाहतुकीस बंद ठेवावा लागलेला आहे.

आणि दैवाचा खेळ असा की, त्याच वरंधा घाटाच्या पायथ्याशी जो महाड तालुका आहे, तेथे या विषयातील एक जगन्मान्य संशोधन जन्मास आले. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० दगावत असत. असे का होते याचे समाधानकारक उत्तर तेव्हा पुस्तकांत मिळत नव्हते. बावस्करांनी ते रुग्णाच्या खाटेशी बसून शोधले. दरदरून सुटणारा घाम, ओकाऱ्या, बर्फासारखे गार पडणारे हातपाय, चढणारा नि मग कोसळणारा रक्तदाब, शेवटी फुप्फुसांत साचणारे पाणी, या लक्षणांचा क्रम त्यांनी तास न् तास टिपला. त्यावरून असे दिसले की विष मज्जातंतूंना चेतवून शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबाखाली थकते. रोगाचे मर्म कळल्यावर औषध दूर नव्हते. रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन नावाची साधी गोळी नेमकी या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात हा उपचार प्रसिद्ध झाला आणि हळूहळू मृत्यूचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाडातच केलेली तुलनात्मक चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. प्राझोसिनला विंचूविषावरील लसीची जोड दिल्यास बरे होण्यास सरासरी सुमारे १८ तासांऐवजी ८ तास पुरतात, असे त्या चाचणीत आढळले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. गौरव योग्यच होता. परंतु त्यांच्या संशोधनाचा खरा सन्मान ती गोळी प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात असण्यात आणि ती केव्हा द्यावयाची हे तेथील प्रत्येक परिचारिकेस ठाऊक असण्यात आहे.

सर्पदंशाच्या निदानाची कथाही अशीच साधी आणि तितकीच बोधप्रद आहे. घोणस वा फुरसे चावल्याची शंका असेल तर रुग्णाच्या शिरेतील थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलविता ठेवावी आणि मग तिरपी करून पाहावी. रक्त गोठले नसेल तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती हिरावली आहे, हे समजून लस सुरू करावी. नळी मात्र काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत ही परीक्षा फसते. मण्यार त्याहून कपटी. ती बहुधा रात्री, निजलेल्या माणसाला चावते. वेदना नसते, सूज नसते, कित्येकदा दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, घसा आवळल्यासारखा होतो आणि घरचे लोक अपचनाचा काढा देत बसतात. अशा वेळी रुग्णाच्या पापण्या मिटू लागल्या आहेत काय, एवढे पाहणारा डोळस डॉक्टर भेटला तर प्राण वाचतो. श्वास थांबू लागल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय होईपर्यंत हाताने फुगा दाबून हवा देता येते. सह्याद्रीत आढळणारा हिरवा चापडा चावला तर मात्र आपली प्रचलित लस निरुपयोगी असते आणि ती विनाकारण दिल्यास तिचीच भयंकर प्रतिक्रिया येण्याचा धोका असतो. म्हणजे केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये, या दोहोंचा विवेक म्हणजे निदान. त्याला यंत्राहून शिक्षणाची गरज अधिक आहे.

लसीविषयीही नवे संशोधन आपल्याला सावध करीत आहे. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींच्या विषांवर घोड्यांच्या साहाय्याने तयार होते. ते विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशांत निराळे असते आणि म्हणून एका ठिकाणच्या विषावर बेतलेली लस दुसऱ्या ठिकाणी तितकी गुणकारी ठरेलच असे नाही, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत दाखवून दिले आहे. मुंबईची हाफकिन संस्था या राज्यात, लस बनविणारा एक कारखाना याच जिल्ह्यातील नारायणगावी. असे असता सह्याद्रीतील सापांच्या विषाचा स्वतंत्र अभ्यास करून त्याप्रमाणे लस सुधारण्याचे काम महाराष्ट्राने अंगावर घ्यावयास काय हरकत आहे? ते होईपर्यंत आहे ती लसच प्राणरक्षक आहे, आणि तिच्याविषयी कोणीही अविश्वास पसरवू नये, हेही आम्हांस तितक्याच निक्षून सांगावयाचे आहे.

आता राहिला प्रश्न वेळेचा, आणि आमच्या मते सारा प्रश्न तेथेच येऊन थांबतो. एकाच सापाच्या विषाचा धोका तालुक्याच्या गावी निराळा आणि डोंगरातील वाडीवर निराळा असतो. धोक्याचे माप दवाखान्यापर्यंतच्या अंतरावर ठरते. नेपाळच्या तराईत याचा एक धडा घालून दिला गेला. तेथे खेड्यांतील स्वयंसेवकांनी आपल्या मोटारसायकलींवर, रुग्णाला मध्ये बसवून आणि मागे आधाराला एक माणूस घेऊन, थेट उपचारकेंद्र गाठण्याची व्यवस्था केली; जोडीला लोकशिक्षण केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दंश झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १०.५ वरून ०.५ वर उतरले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ वेळ वाचविला! आज भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरही मोटारसायकली आहेत आणि त्या चालविणारे तरुणही आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घाटवळणे चढून येईपर्यंत वाट पाहण्याऐवजी तिला अर्ध्या वाटेवर गाठण्याची योजना प्रत्येक ग्रामपंचायतीला पावसाळ्यापूर्वी आखता येणार नाही काय?

शासनाकडे आमचे मागणे मोठे नाही. भोर आणि वेल्हे येथील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर मे महिन्याच्या अखेरीस एक फलक लागावा. लसीच्या किती कुप्या आज शिल्लक आहेत, प्राझोसिनच्या गोळ्या आहेत की नाहीत, रात्रीच्या पाळीला कोण डॉक्टर आहे, आणि घाट बंद असता रुग्णाला कोणत्या वाटेने कोठे हलवावयाचे, एवढेच त्यावर लिहिलेले असावे. पहिल्या उपचारासच साधारणपणे १० कुप्या लागतात. दोन-तीन कुप्यांच्या साठ्याने समाधान मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. शेतकरी सर्पदंशाने दगावल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावे असलेल्या सानुग्रह अनुदान योजनेतून त्याच्या कुटुंबास २ लाख रुपये मिळतात. त्या मदतीस आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु मृत्यूनंतर जो हात सढळ होतो, तो मृत्यूपूर्वी आखडता का असावा, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या विधवेला निश्चितच आहे.

दोष एकट्या शासनाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. दंशाच्या वर करकचून दोरी आवळणे, पात्याने जखम चिरणे, विष तोंडाने ओढणे, मांत्रिकाच्या अंगणात रात्र घालविणे, हे प्रकार अद्याप मोडलेले नाहीत आणि ते केवळ अडाण्यांतच चालतात असेही नाही. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये, अंगठी-बांगड्या काढाव्यात आणि वेळ न दवडता दवाखाना गाठावा, प्रथमोपचार एवढाच. अंथरुणावर नीट खोचलेली मच्छरदाणी, रात्री हाती विजेरी आणि पायात बूट, या वस्तू शहरात क्षुल्लक. वाडीवर त्या औषधाइतक्याच मोलाच्या आहेत. आपल्या शहरातील सेवासंस्था दर वर्षी वह्या-पुस्तके घेऊन डोंगरात जातात. त्यांनी यंदा मच्छरदाण्या आणि गमबूटही न्यावेत, अशी आमची सूचना आहे.

बिरवाडीच्या एका लहान केंद्रात, हाताशी फारसे काही नसता, एका डॉक्टराने जे ज्ञान मिळविले ते पुढे परदेशांतील वैद्यकांनी वाचले आणि मानले. त्या ज्ञानाला वरंधा घाट चढून भोरच्या आणि वेल्ह्याच्या शेवटच्या वाडीपर्यंत जाता येऊ नये, ही नामुष्की आहे, आणि तिचा वाटा ज्यांच्या घरी पानशेतचे पाणी येते त्या आपणा सर्वांकडे येतो. भातलावणी दर वर्षी ठरल्या वेळी येते. तिच्या आधी कुप्या, गोळ्या आणि जागता डॉक्टर आपापल्या जागी असले पाहिजेत.