रेशन बिहारचं, संसार आळंदीचा

आमच्या मागच्या खोलीत बिहारचं एक जोडपं भाड्याने राहतं. तो चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला, ती घरी दोन लेकरं सांभाळते. परवा रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतली. "दीदी, ते बोलले, कार्ड बिहारचं आहे, तिकडेच घे." मी तिच्यासोबत पुन्हा गेले, थोडा आवाज चढवला. मग तिचा अंगठा घेतला आणि धान्य मिळालं!

'एक देश, एक रेशन कार्ड' महाराष्ट्रात 2020 पासून लागू आहे. धान्याचा खर्च केंद्राचा, लाभार्थ्यांची यादी राज्याची. बिहारच्या यादीतलं नाव म्हणूनच आळंदीत चालतं. माणशी महिन्याला पाच किलो, 2023 पासून तेही मोफत. "आपल्या वाट्याचं यांना कशाला?" असं विचारणाऱ्या मैत्रिणींनी हे समजून घ्यायला हवं.

केंद्राचं ते तिच्यामागे आलं, पण राज्याच्या योजनांचं तसं नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा अधिवास दाखला किंवा पंधरा वर्षांपूर्वीचे इथले कागद मागितले. परराज्यातली मुलगी इथल्या मुलाशी लग्न करून आली तर नवऱ्याच्या कागदांवर तिचा अर्ज चालत होता. (लग्नं लावण्यात आमच्या आळंदीचा हात कोण धरणार!) हिचा नवराही बिहारचाच, त्यामुळे ही बहीण होऊ शकली नाही.

गंमत म्हणजे, 2017 मध्ये आलेल्या जीएसटीत वस्तू जिथे वापरली जाते त्या राज्याला कराचा वाटा मिळतो. म्हणजे तिच्या साबणाचा कर महाराष्ट्राला, हक्क मागायला मात्र तिने बिहारला जायचं!

1956 मध्ये भाषेनुसार राज्यं आखली, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. ते योग्यच झालं, मराठीत कारभार मलाही हवाच आहे. त्यासाठी इथे राबणाऱ्या बाईला पंधरा वर्षं पाहुणी ठेवायला हवं का? पाच वर्षंही पुरेत, असं मला वाटतं.

आता घरचंच सांगते. तिला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार हवाय. आमच्याकडे भाडं रोख घेतात, करार नाही. "कागद केला तर खोली सोडणार नाहीत," असं ह्यांचं म्हणणं. मी काल गुपचूप कराराच्या खर्चाची चौकशी करून आले. आज रात्री जेवताना विषय काढणार आहे.